पॅनेलसोबत वाचता येईल अशी हार्डवेअर-फाइलही द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या छोट्या कारखान्यांतून आज जे पॅनेल बाहेर पडते त्यात कॉन्टॅक्टर (मोटारीचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिलेच्या जोडीला एक कंट्रोलर बोर्डही असतो. चिकोडी-रायबागच्या उसाच्या पंपाला मोबाइल स्टार्टर, वडगाव-शहापूरच्या यंत्रमागाला काउंटर, फाउंड्रीत तापमानाची नोंद, हायड्रॉलिक पॉवर पॅकवर तेलाचा दाब नि तापमान पाहणारा बोर्ड. या प्रत्येकात फर्मवेअरबरोबर, म्हणजे बोर्डाच्या चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमबरोबर, एक छोटी फाइल असते. कुठल्या पिनला काय जोडले आहे, सेन्सरचा ॲड्रेस कोणता, पिनवरचे व्होल्टेज वर गेल्यावर रिले ओढायचा (म्हणजे चालू करायचा) की खाली आल्यावर, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. वायरिंगचे ड्रॉइंग मागायची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. या फाइलबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि लिहिणारेही ती स्वतःपुरती लिहितात. आमचा आग्रह असा की बोर्ड बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही सर्किट न उकलता वाचता येईल अशा खुणांनी ही फाइल लिहावी, आणि ती पॅनेलबरोबर ग्राहकाच्या हाती द्यावी.

आपल्या भागात याची निकड जास्त आहे. बोर्ड बेळगावात बनतो, पॅनेल बसते अथणीला नाहीतर सीमेपलीकडे गडहिंग्लज-चंदगडला, आणि काही वर्षांनी ते उघडतो तो तिथला वायरमन किंवा डिप्लोमा झालेला एखादा तरुण. तोवर फाइल लिहिणारा पुण्याला नाहीतर बंगळुरूला गेलेला असतो. दुरुस्ती करणारा मराठी बोलणारा असो की कन्नड, त्याच्यापुढे असते ती फाइलच.

संक्षेपाने काय होते ते सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कापणारे यंत्र) चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. जीआरबीएल या फर्मवेअरमध्ये ‘डॉलर ३ = ६’ अशी एक सेटिंग असते. सहा म्हणजे बायनरीत ११०, म्हणजे एक्स अक्ष सरळ आणि वाय व झेड उलट. जीआरबीएल ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरीच्या चिपवर मावायचे असल्याने ही काटकसर समजू शकते. थ्री-डी प्रिंटरच्या क्लिपर या फर्मवेअरमध्ये पिनच्या नावाआधी टोपीचे चिन्ह लावले की पुल-अप (मोकळी पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर), नागमोडी रेघ लावली की पुल-डाउन (खाली ओढून धरणारा), उद्गारचिन्ह लावले की सिग्नल उलट. लिहिणाऱ्याला झटपट, पण वाचताना एक खूण नजरेतून सुटली की अर्थ नेमका उलटा होतो. ज्या बोर्डावर जागेची अडचण नाही तिथे ही सवय चालू ठेवायचे काही कारण नाही.

पोलॅरिटीवर, म्हणजे पिन वर असली की ‘हो’ की खाली असली की, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण जिवाला धोका होतो तो इथेच. इमर्जन्सी स्टॉपचे बटण घ्या. त्याचा मुख्य संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा थेट तोडतो. त्यात फर्मवेअर मध्ये येताच कामा नये. बटण दाबले गेल्याचे कंट्रोलरला कळवणाऱ्या दुसऱ्या संपर्काबद्दल आम्ही बोलत आहोत. इनपुटला १० किलोओहमचा पुल-अप आहे आणि संपर्क पिनला ग्राउंडशी जोडतो, असे धरा. संपर्क एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) असेल तर बटण मोकळे असताना पिन शून्य व्होल्टवर राहते, आणि बटण दाबले किंवा वायर तुटली की वर जाते. वायर तुटली तरी यंत्राला कळते, म्हणून एनसी घ्यायचा. एखाद्याने घाईत एनओ (एरवी तुटलेला, दाबल्यावर जुळणारा) संपर्क जोडला आणि फाइलमध्ये ‘इन्व्हर्ट = १’ करून टाकले, तर टेबलावर बटण दाबून पाहताना सगळे ठीक दिसते. उंदराने वायर कुरतडली की मात्र कंट्रोलर कायमचा ‘सगळे ठीक’ म्हणत बसतो. ‘इन्व्हर्ट’ या शब्दातून काय उलट केले तेच कळत नाही. पिनची पातळी, बटणाचा संपर्क, की सिग्नलचा अर्थ?

त्याऐवजी सिग्नलला खरेपणाचे नाव द्यावे. ‘ईस्टॉप’ असे अर्धवट नाव नको. ‘ईस्टॉप-प्रेस्ड’, म्हणजे बटण दाबलेले आहे हे विधान. मग ते विधान पिन वर असताना खरे की खाली असताना, तेवढे ‘ॲक्टिव्ह-हाय’ किंवा ‘ॲक्टिव्ह-लो’ या शब्दांत लिहावे. वरच्या जोडणीत ‘ईस्टॉप-प्रेस्ड, ॲक्टिव्ह-हाय’ वाचले की एनसी संपर्क आहे हे कळते, आणि ‘ॲक्टिव्ह-लो’ दिसले की एनओ जोडला आहे, वायर तुटली तर समजणार नाही, हे पॅनेल न उघडता दिसते. फ्लोट स्विच (पाण्याची पातळी), फेज फेल (एखादी फेज जाणे) आणि ड्राय रन (पाण्याविना पंप चालणे) या तिन्ही इनपुटांना हाच नियम लागू पडतो.

आउटपुटचीही तीच कथा. बाजारात मिळणारे ऑप्टो (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) असलेले रिले मॉड्यूल बहुधा ॲक्टिव्ह-लो असतात, इनपुट ग्राउंडला गेले की रिले ओढतो. कंट्रोलर सुरू होताना काही क्षण पिन कोणाच्याच ताब्यात नसते. फर्मवेअरने मॉड्यूल ॲक्टिव्ह-हाय समजून ‘बंद’ म्हणून पिन खाली ठेवली, की गेलेली लाइट परत येताच मोटारीला झटका बसतो. थ्री-फेज रात्री-अपरात्री येणाऱ्या भागात हे रोज घडू शकते. यावर उपाय दोन्हीकडून करायचा. मॉड्यूलच्या इनपुटला पुल-अप देऊन सुरुवातीला रिले सुटलेला राहील असे पाहायचे, आणि फाइलमध्ये त्या पिनपुढे ॲक्टिव्ह-लो स्पष्ट लिहायचे. रास्पबेरी पायसारखा ३.३ व्होल्टचा बोर्ड असेल तर पुल-अप ५ व्होल्टला ओढू नका, पिन जाईल.

लिनक्स आणि झेफिर या ऑपरेटिंग सिस्टिमनी वापरलेली डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या उपकरणांचे मजकुरात केलेले वर्णन) ही पद्धत आम्हाला या कामासाठी सर्वांत भरवशाची वाटते. तिचे मूळ १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकात, आयईईई १२७५ मध्ये आहे. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांची माहिती सी भाषेच्या फाइलींत विखुरली जात होती, त्यावर २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी जोरदार आक्षेप घेतला आणि एआरएम लिनक्सही डिव्हाइस ट्रीकडे वळले. तिच्यात प्रत्येक उपकरणाचा एक नोड (नोंदीचा कप्पा) असतो, आणि नोडच्या नावात ‘ॲट’ चिन्हापुढे त्याचा ॲड्रेस येतो. (फाइलमध्ये हे सारे रोमन लिपीत असते, पत्रात नागरीत देत आहोत.) पिन सांगायची तर तीन गोष्टी लागतात: कोणता जीपीआयओ कंट्रोलर (साध्या इनपुट-आउटपुट पिना सांभाळणारा भाग), कितवी पिन, आणि तिसऱ्या जागी ‘जीपीआयओ_ॲक्टिव्ह_लो’. तिसऱ्या जागी नुसता १ लिहिला तरी कंपायलरला (फाइल यंत्राच्या रूपात बदलणाऱ्या प्रोग्रॅमला) चालते, पण तसे लिहू नये. तिथे शब्दच असावा.

ॲड्रेसमध्ये होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. आयटूसी (दोन तारांवर अनेक चिपा जोडण्याची पद्धत) सेन्सरचा ॲड्रेस सात बिटांचा असतो. काही डेटाशीटमध्ये मात्र वाचन-लेखनाचा बिट धरून आठ बिटांचा आकडा छापतात. एलएम७५ तापमान सेन्सरचा ०एक्स४८ (‘०एक्स’ म्हणजे पुढचा आकडा हेक्स, सोळाच्या पायाचा) हा ॲड्रेस मग ०एक्स९० असा दिसतो. तो तसाच फाइलमध्ये उतरवला तर डीटीसी हा डिव्हाइस ट्रीचा कंपायलर टोकतो, कारण सात बिटांत ०एक्स७एफच्या वर जाता येत नाही. पीसीएफ८५७४ या पिना वाढवणाऱ्या चिपचे प्रकरण जास्त फसवे आहे. तिचा खरा ॲड्रेस ०एक्स२०, आठ बिटांच्या पद्धतीने ०एक्स४०. हा आकडा नियमात बसतो, म्हणून कोणी टोकत नाही. आणि ०एक्स४० वर बऱ्याचदा करंट मोजणारी आयएनए२१९ बसलेली असते. म्हणून फाइलमध्ये कायम सात बिटांचा आकडा लिहावा आणि शेजारच्या टिपेत डेटाशीटमधला आकडा द्यावा.

हेक्स आणि दशमानाचा गोंधळ त्याच जातीचा. डिव्हाइस ट्रीत ‘०एक्स’ नसलेला आकडा दशमान धरला जातो. आधी नुसते शून्य असेल तर तो अष्टमान होतो, म्हणजे ०१० लिहिले की ८. नोडच्या नावात मात्र ॲड्रेस हेक्समध्ये पण ‘०एक्स’ न लावता, लहान अक्षरांत लिहायचा. एकच आकडा दोनदा लिहिण्यामागे कारण आहे. नावात ‘ॲट ४८’ आणि आत ‘रेग’ या ॲड्रेसच्या ओळीत चुकून दशमान ४८ लिहिले, तर कंपायलर आतला आकडा ०एक्स३० समजतो आणि दोन्ही जुळत नाहीत अशी सूचना देतो. अशा सूचना बंद करून फाइल पुढे ढकलण्याची सवय फार वाईट आहे.

आता एककांकडे वळू. आयएनए२१९च्या नोडमध्ये ‘शंट-रेझिस्टर’ (करंट मोजण्याचा रेझिस्टर) अशी प्रॉपर्टी, म्हणजे माहितीची ओळ, आहे. तिचा आकडा मायक्रोओहममध्ये द्यायचा असतो, पण नावात तसे कुठेच नाही. ०.१ ओहमचा शंट म्हणजे १,००,०००. ‘१०० मिलिओहम’ डोक्यात धरून कोणी १०० लिहिले, तर मोटारीचा करंट हजारपट दिसेल आणि ओव्हरलोडचा अलार्म सुटता सुटणार नाही. बटणांच्या नोडमधली ‘डिबाउन्स-इंटरव्हल’ (बटणाच्या संपर्काची थरथर गाळण्याचा वेळ) मिलिसेकंदात आहे. तिच्याही नावात एकक नाही. हे जुने नामकरण आहे. नव्या नियमाप्रमाणे एकक नावाच्या शेपटीला जोडतात: ‘-एमएस’ म्हणजे मिलिसेकंद, ‘-यूएस’ म्हणजे मायक्रोसेकंद, ‘-मायक्रोव्होल्ट’, ‘-मायक्रोॲम्प’, ‘-मायक्रो-ओहम्स’, ‘-एचझेड’. ३.३ व्होल्ट मग ३३००००० मायक्रोव्होल्ट असे लिहिले जाते. शून्ये जास्त होतात, पण दशांश चिन्हाचा प्रश्नच राहत नाही, कारण डिव्हाइस ट्रीच्या आकड्यांत दशांश नसतोच. स्वतःच्या फाइलसाठी नावे पाडताना, मग ती कोणत्याही फॉरमॅटमध्ये असो, ‘डिले’, ‘टाइमआउट’, ‘लिमिट’ अशी उघडी नावे ठेवू नका. ‘ड्राय-रन-डिले-एमएस’ लिहिले की अथणीतल्या माणसाला फोन करावा लागत नाही.

हो-नाही सांगणाऱ्या प्रॉपर्टीत बरेच जण फसतात. हायड्रॉलिक तेलाच्या टाकीत पीटी१०० हा तापमान सेन्सर बसवून मॅक्स३१८६५ चिपने वाचायचे असेल तर तीन वायरच्या जोडणीसाठी ‘मॅक्सिम,३-वायर’ अशी प्रॉपर्टी द्यायची असते. तिला किंमत नसते. ती असली की हो, नसली की नाही. चार वायरचा सेन्सर बसवताना कोणी ती ओळ ठेवून पुढे ‘= ०’ लिहिले, तर लिनक्स तिचे असणेच मोजते आणि चिप तीन वायरच्याच पद्धतीने वाचत राहते. ओळ काढूनच टाकायची. तसेच ‘स्टेटस’मध्ये ‘ओके’ (चार अक्षरांचे स्पेलिंग) किंवा ‘डिसेबल्ड’ लिहायचे. ‘एनेबल्ड’ लिहिले तर वाचणाऱ्या माणसाला उपकरण चालू वाटते आणि लिनक्स ते बंद धरते.

दुसऱ्या बोर्डावरून नोड उचलताना वरच्या पातळीवरचे ‘ॲड्रेस-सेल्स’ आणि ‘साइझ-सेल्स’, म्हणजे ॲड्रेस आणि आकार किती आकड्यांत लिहायचे ते, बघा. चौसष्ट बिटांच्या बोर्डावर बहुधा ॲड्रेसला दोन नि आकाराला दोन असे चार आकडे लागतात. तेच चार आकडे एक-एकच्या बोर्डावर ठेवले की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यांचे दोन वेगळे पट्टे समजते. मेमरीच्या नोडमध्ये हे झाले तर सिरियल पोर्टवर एक अक्षरही न येता बोर्ड गप्प राहतो.

आरएस-४८५ या दोन तारांच्या लाइनवर व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह), मीटर जोडणाऱ्या पॅनेलसाठी मॉडबसचा (उपकरणांकडून आकडे मागण्याच्या पद्धतीचा) तक्ताही याच शिस्तीत हवा. मॅन्युअलमधला ४०००१ हा रजिस्टर (आकड्याचा कप्पा) वायरवर ० या ॲड्रेसने मागायचा असतो. फाइलमध्ये नुसते ‘रजिस्टर: १’ असेल तर तो मॅन्युअलमधला पहिला की वायरवरचा १, म्हणजे ४०००२, हे कळत नाही, आणि एका घराने चुकलेला आकडा बऱ्याचदा पटण्यासारखाही दिसतो. म्हणून नावातच ‘झिरो-बेस्ड’ लिहा. बत्तीस बिटांची किंमत दोन रजिस्टरांत येते. आधी वरचा शब्द (सोळा बिटांचा अर्धा भाग) की खालचा ते लिहा. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ५००० म्हणजे ५०.०० हर्ट्झ असते. तो गुणकही तिथेच हवा. पॅरिटी (चूक ओळखण्याचा जादा बिट) गृहीत धरू नका. मॉडबसच्या मानकात ईव्हन पॅरिटी मूळ धरली आहे, बाजारातली कित्येक उपकरणे मात्र पॅरिटीशिवाय येतात. ट्रान्सीव्हरच्या (लाइनवर सिग्नल देणाऱ्या-घेणाऱ्या चिपच्या) डीई, म्हणजे पाठवणे चालू करणाऱ्या, पिनची पोलॅरिटी उलटी लिहिली गेली तर तुमचाच बोर्ड सतत लाइन धरून बसतो आणि कोणताही स्लेव्ह (लाइनवरचे दुसरे उपकरण) उत्तर देऊ शकत नाही. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर बदलत बसण्याआधी फाइलमधली ती ओळ पाहा.

डिव्हाइस ट्री सगळीकडे चालत नाही. ईएसपी३२ या वाय-फायच्या चिपवर ईएसपीहोम हे फर्मवेअर वापरणारे वायएएमएल या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये लिहितात, आणि ते चांगले वाचता येते. पण वायएएमएलच्या १.१ आवृत्तीप्रमाणे वाचणारी साधने अवतरणाशिवाय लिहिलेले ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘यस’, ‘नो’ हे शब्द हो-नाहीत बदलतात, ०१०ला ८ समजतात, आणि बोर्डाची आवृत्ती १.१० असेल तर तिला १.१ करून टाकतात. आवृत्ती, सिरियल नंबर आणि नावे अवतरणातच घाला. ओळ आत सरकवायला टॅब वापरू नका, वायएएमएलला तो चालत नाही. जेएसओएन हे दुसरे फॉरमॅट आम्ही या कामाला सुचवणार नाही. त्यात टिपा लिहिता येत नाहीत आणि हेक्सही नाही, त्यामुळे ०एक्स४८ला ७२ लिहावे लागते आणि डेटाशीटशी ताडून पाहणे अवघड होते.

कोणतेही फॉरमॅट निवडा, पण तपासणीशिवाय ते अर्धेच राहते. डिव्हाइस ट्रीत ‘कम्पॅटिबल’ या चिपचे नाव सांगणाऱ्या ओळीतले स्पेलिंग एका अक्षराने चुकले तर चूक दाखवली जात नाही, ड्रायव्हर जोडलाच जात नाही, एवढेच. प्रॉपर्टीचे नाव चुकले तर मूळ किंमत मुकाट्याने वापरली जाते. यासाठी लिनक्सच्या सोर्समध्ये ‘मेक डीटीबीएस_चेक’ ही आज्ञा आहे. ती प्रत्येक नोड त्याच्या ठरलेल्या नमुन्याशी ताडते. आपल्या स्वतःच्या उपकरणासाठी असा नमुना लिहिताना त्यात नसलेली नावे नाकारली जातील अशी अट घालायची. तीच अट स्पेलिंगच्या चुका पकडते. मग प्रत्यक्ष बोर्डावर ‘आयटूसीडिटेक्ट’ ही आज्ञा चालवून ॲड्रेस पाहा, आणि चालू लिनक्सने काय वाचले ते ‘प्रॉक’खालच्या ‘डिव्हाइस-ट्री’ फोल्डरमध्ये उघडून बघा.

फाइल व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवू नका. दोन अंडरस्कोअरमधला मजकूर तिथे तिरका होतो, दोन नागमोडी रेघांमधला खोडला जातो, आणि त्या खुणा दिसेनाशा होतात. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणांची वाकडी अवतरणे करतो. डॉक्युमेंट म्हणून जोडा. टिपा मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहायला हरकत नाही, डीटीसी टिपेतला मजकूर सोडून देतो; नावे आणि आकडे मात्र रोमनमध्येच हवेत.

ग्राहकाला द्यायची ती सोर्स फाइल, म्हणजे डीटीएस. कंपाइल झालेल्या डीटीबीवरून मजकूर परत काढता येतो, पण त्यातून टिपा, लेबले आणि शब्दांत लिहिलेल्या खुणा गेलेल्या असतात. ‘जीपीआयओ, १७, ॲक्टिव्ह-लो’ लिहिले होते तिथे ०एक्स०५, ०एक्स११, ०एक्स०१ एवढेच उरते. दुरुस्ती करणाऱ्याला त्यातून अर्थ लावायचा म्हणजे सर्किट पुन्हा शोधून काढण्यासारखेच आहे. फाइल दिल्याने आपली विद्या चोरीला जाईल अशी भीती काही कारखानदार बोलून दाखवतात. कंट्रोलचा प्रोग्रॅम तुमच्याकडेच राहतो. या फाइलमध्ये फक्त कोणती वायर कुठे गेली ते असते, आणि ते वायरिंगच्या ड्रॉइंगमध्ये तुम्ही आधीच देत आहात.

म्हणून खरेदी करणाऱ्या साखर कारखान्यांनी, पाणीपुरवठा संस्थांनी आणि फाउंड्रीवाल्यांनी ऑर्डरमध्ये ड्रॉइंगच्या ओळीखाली आणखी एक ओळ घालावी: कंट्रोलरच्या हार्डवेअर वर्णनाची सोर्स फाइल, पोलॅरिटी शब्दांत, एकके नावांत, तपासणीत एकही सूचना शिल्लक नसलेली. आपल्या भागातल्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निक महाविद्यालयांनी एम्बेडेडच्या प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थ्याला दुसऱ्याने लिहिलेली अशी फाइल द्यावी आणि तिच्यावरून जोडणीचे चित्र काढून घ्यावे. चित्र चुकले तर फाइलही तपासावी. पॅनेलच्या दाराच्या आत ड्रॉइंग चिकटवतो तिथेच बोर्डाची आवृत्ती आणि फाइलची तारीख लिहावी, म्हणजे बोर्ड बदलल्यावर जुनी फाइल नव्या बोर्डावर चढणार नाही.

आपले,
फर्मवेअर आणि कंट्रोल पॅनेलचे काम करणारे काही वाचक,
उद्यमबाग, बेळगाव